मुंबईंतील आपलीं माणसें आणि मनावरील ताण

दर वर्षीं मे महिना लागला कीं मुंबईंत राहणारीं आपलीं माणसें गांवीं येतात, आणि दर वर्षीं त्यांच्याविषयीं तींच तीं बोलणीं आमच्या कानांवर येतात. "पोरगा मुंबईला गेला आणि बदलला." "आल्यापासून नुसता झोंपून आहे." "दोन शब्द विचारले तर अंगावर येतो." "ताट पुढें केलें तर म्हणतो, पोटांत जळजळतें." बोलणारांच्या मनांत वाईट कांहीं नसतें. परंतु ह्या बोलण्याचा अर्थ शेवटीं असा ठरतो कीं, मुलाचा स्वभाव बिघडला, त्यास पैशाची गुर्मी आली, किंवा त्याचा विश्वास ढिला झाला. आमचें राहणें व काम मुलुंडच्या बाजूस असल्यामुळें हीं माणसें वर्षांतले अकरा महिने आमच्या डोळ्यांसमोर असतात. म्हणून ह्या खेपेस अभ्यासाच्या जागीं आम्हीं हा विषय घेतला आहे. वाचकांनीं तो घरांत मोठ्यानें वाचून दाखवावा. वडील माणसांस तर अवश्य दाखवावा.

आरंभीं आमची स्वतःची चूक सांगणें भाग आहे. आमच्या ओळखीचा एक गृहस्थ मुलुंडला भाड्याच्या खोलींत राहतो. वय पस्तिशीचें, पदरीं बायको व दोन मुलें. नोकरी अंधेरीस, एका गोदामांत मालाची नोंद ठेवण्याची. सकाळीं लोकलनें घाटकोपर, तेथून मेट्रोनें अंधेरी, आणि रात्रीं नऊच्या सुमारास परत, असा त्याचा क्रम. एके रविवारीं उपासना संपल्यावर तो मागें रेंगाळला व म्हणाला, "पाळकसाहेब, छातींत उगाच धडधडतें. रात्रीं तीनला जाग येते, मग झोंप लागत नाहीं. मुलांवर हात उगारला जातो, आणि मग मलाच रडूं येतें." आम्हांस दुसऱ्या ठिकाणीं जावयाचें होतें. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणालों कीं, धीर धरा, प्रार्थना करा, लहानशा गोष्टी मनाला लावून घेऊं नका. तो "होय साहेब" म्हणून निघून गेला.

पुढें चारपांच महिन्यांनीं त्याच्या बायकोची गांठ पडली. तो स्टेशनच्या जिन्यावर घेरी येऊन बसला होता. लोकांनीं पाणी पाजून दवाखान्यांत नेला. रक्तदाब फार वाढलेला निघाला, आणि हें बरेच महिने चालू असलें पाहिजे असें डॉक्टरांनीं सांगितलें. ती बाई म्हणाली, "तुम्हांला सांगून आल्यावर त्यांनीं कुणालाच कांहीं सांगितलें नाहीं. म्हणायचे, पाळकसाहेबांना लहानशी गोष्ट वाटली, मग दुसऱ्याला काय सांगूं?" तिला देण्यास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. त्यानंतर आम्हीं ह्या विषयावर जें वाचलें व जाणत्या डॉक्टरांस जें विचारलें, तें येथें सांगत आहों.

ताण हा मनाचा लाड नव्हे; तो शरीरांत घडणारा व्यापार आहे. तो कसा घडतो हें गांवच्या वाचकांस समजण्यास कठीण नाहीं. रात्रीं पिकाला पाणी देण्यास गेलेल्या मनुष्याच्या पायाजवळ बांधावर फुरसें सळसळलें अशी कल्पना करा. विचार करण्यापूर्वींच तो मागें उडी घेतो. हृदय धडधडतें, श्वास भरभर चालतो, तोंडाला कोरड पडते, तळहातांस घाम सुटतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथि आहेत. त्या ह्या क्षणीं ॲड्रेनलिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतात. त्यामुळें रक्त पोटाकडून व कातडीकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतें, यकृतांतली साखर रक्तांत येते, आणि अन्न पचविण्याचें काम तूर्त थांबतें. साप समोर असतांना भाकरी पचवीत बसण्यांत अर्थ तो काय? अमेरिकेंतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ह्या साऱ्या फेरफारांची संगति लावून दाखविली कीं, ही शरीराची लढण्याची किंवा पळण्याची तयारी होय.

ह्याच्या मागोमाग दुसरी, सावकाश चालणारी तयारी होते. मेंदूकडून निरोप जातो आणि त्याच ग्रंथि कॉर्टिसॉल नांवाचें द्रव्य सोडतात. संकट लांबलें तर शरीरास इंधन कमी पडूं नये, हें त्याचें काम. निरोगी माणसांत हें द्रव्य पहांटे वाढतें व मध्यरात्रीच्या सुमारास अगदीं उतरतें. आपण उठतों व निजतों त्याच्याशीं ह्या चढउताराचा निकट संबंध आहे. फुरसें निघून गेलें, मनुष्य घरीं आला, हातपाय धुऊन चार माणसांत बसला, म्हणजे थोड्या वेळानें सर्व कांहीं जागच्या जागीं येतें. येथवर ह्या व्यवस्थेंत दोष काढण्याजोगें कांहीं नाहीं. तिच्यावांचून मनुष्य जगला नसता.

पण फुरसें गेलेंच नाहीं तर? हान्स सेल्ये नांवाच्या शास्त्रज्ञानें कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें उंदरांवर प्रयोग केले. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी औषधें, अशीं निरनिराळीं दुःखें देऊनही उंदरांच्या शरीरांत बिघाड मात्र एकाच जातीचे दिसले. वर सांगितलेल्या ग्रंथि सुजून मोठ्या झाल्या, रोगाशीं झगडणारीं इंद्रियें आक्रसलीं, पोटांत व्रण पडले. १९३६ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. प्रथम शरीर धोक्याची घंटा वाजवितें, मग नेटानें टिकाव धरतें, आणि कारण हटलेंच नाहीं तर अखेर थकून कोसळतें, अशा तीन पायऱ्या त्यानें सांगितल्या. मधली पायरी सर्वांत फसवी असते, असें आम्हांस वाटतें. त्या पायरीवरचा मनुष्य कामावर जातो, हसतो, पैसे पाठवितो, आणि घरच्यांस तो ठीक आहे असेंच दिसतें.

आतां आपलीं माणसें कोठें राहतात तें पाहूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हां ती मुलुंडवरूनच गेली. पण तेव्हां तेथें वस्ती ती किती! १९२८ सालीं पश्चिमेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धांवूं लागल्या, आणि कामाचें गांव एक व राहण्याचें गांव दुसरें, अशी राहणी लाखोंच्या अंगवळणीं पडत गेली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं गांवें ज्यांत येतात तो मुंबई उपनगर जिल्हा १९९० सालीं निराळा झाला. २०११ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक भरली. घाटकोपर व अंधेरी नकाशावर फार दूर नाहींत, तरी ८ जून २०१४ रोजीं मेट्रो सुरू होईपर्यंत एकाहून दुसऱ्यास जाण्यास बसमध्यें तास दीड तास लोंबकळावें लागे, नाहींतर दादरला जाऊन गाडी बदलावी लागे. बसण्यास जागा मिळावी म्हणून मुलुंडचीं माणसें आधीं उलट ठाण्याला जातात आणि तेथून सुटणारी गाडी धरतात, हें ऐकून गांवचे लोक हसतात. तिघांच्या बाकावर अर्धें अंग टेकून चौथ्यानें बसणें ह्याला तेथें "चौथी सीट" म्हणतात, आणि ती मिळाली तरी धन्यता वाटते.

हें फुरसें रोज सकाळीं बांधावर असतें. गाडी चुकेल काय, उशीर झाला तर पगार कापतील काय, घरमालक भाडें वाढवील काय, हे प्रश्न सापासारखे निघून जात नाहींत. आणि रात्रीं मोबाइलवर साहेबाचा निरोप आला कीं घंटा पुन्हा वाजते. कोणी म्हणेल, शेतकऱ्याला काय काळजी नाहीं? पाऊस नाहीं, भाव नाहीं, सोसायटीचें कर्ज डोक्यावर. होय, आहे, आणि तिचें ओझें किती जड असतें हें आपल्या महाराष्ट्रानें स्मशानांत पाहिलें आहे. आम्ही एकाचें दुःख दुसऱ्यापेक्षां मोठें ठरवीत नाहीं. मुंबईकराचें वेगळेपण एवढेंच कीं, त्याला गाडीचा वेग वाढवितां येत नाहीं, थांबवितां येत नाहीं, आणि तींतून उतरतांही येत नाहीं.

ही अगतिकता फार महत्त्वाची आहे. लंडनमधील सुमारें १८ हजार सरकारी नोकरांची पाहणी १९६७ सालीं सुरू झाली. सर्वांस वाटे कीं जबाबदारीचें ओझें वाहणारे वरिष्ठ साहेब हृदयविकारानें अधिक मरत असतील. निघालें उलटें. सर्वांत खालच्या पायरीवरच्या शिपाई वगैरे नोकरांत हृदयविकाराचे मृत्यु वरच्यांपेक्षां कितीतरी अधिक होते, आणि विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे कारणें वजा घातलीं तरी सगळा फरक भरून येईना. पुढें त्याच धर्तीवर दुसरी पाहणी झाली, तींत दिसलें कीं ज्याच्या हातीं आपल्या कामाविषयीं कांहींच ठरविण्याचा अधिकार नाहीं त्याच्या हृदयास धोका अधिक. आमचा गोदामांतला गृहस्थ त्या खालच्या पायरीवरचाच.

पुष्कळ दिवस चाललेल्या ताणानें काय होतें? रक्तदाब वाढतो, रक्तांतली साखर वाढते, जुनी सर्दी हटत नाहीं, जखम लवकर भरत नाहीं, बायकांची पाळी मागेंपुढें होते, मान व पाठ आखडून दुखतात. परंतु घरच्यांस जें आधीं दिसतें तें निराळें आहे. विसरणें वाढतें, निश्चय होत नाहीं, कारणावांचून राग येतो, आवडत्या माणसांचा आवाजही नकोसा होतो. ह्या सर्वांच्या मुळाशीं बहुधा मोडलेली झोंप असते. ताणानें झोंप मोडते आणि मोडलेल्या झोंपेनें दुसऱ्या दिवशींचा ताण दुणावतो, असें हें रहाट फिरत राहतें. म्हणून गांवीं आलेला मुलगा दोन दिवस नुसता झोंपतो तेव्हां त्यास आळशी म्हणूं नका. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून झाडाखालीं पडला, तेव्हां देवदूतानें त्याची कानउघाडणी केली नाहीं. त्याला झोंपूं दिलें, उठवून भाकर व पाणी दिलें, पुन्हा झोंपूं दिलें, आणि मग पुन्हा खावयास दिलें. आम्हीं हा भाग कितीदां शिकविला असेल! त्या रविवारीं मात्र आम्हांस तो आठवला नाहीं.

मात्र प्रत्येक दुखण्याचें खापर ताणावर फोडूं नये. पोटांतले व्रण काळजीनेंच होतात असें डॉक्टरही पुष्कळ वर्षें मानीत. ऑस्ट्रेलियांतील मार्शल व वॉरन या दोघांनीं १९८२ सालीं त्याच्या मुळाशीं असणारा जंतु शोधून काढला, त्याबद्दल त्यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि अनेकांचीं जुनीं दुखणीं साध्या औषधांनीं बरीं झालीं. तेव्हां जळजळ महिनोन्महिने राहिली तर तपासून घ्यावें. छातींत दाबल्यासारखें होऊन दुखणें डाव्या हातांत किंवा जबड्यांत जाऊं लागलें व घाम सुटला, तर "टेन्शन आहे" म्हणत घरीं बसूं नये, थेट इस्पितळ गांठावें.

उपाय शोधावयास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. उपनगरच्या माणसांनीं ते आपल्या परीनें आधींच काढून ठेविले आहेत. लोकलच्या डब्यांत रोजच्या गाडीचे सोबती एका ठरलेल्या जागीं जमतात, टाळ काढतात आणि भजनें म्हणतात. कोणास हा गोंगाट वाटतो, व झोंप हवी असलेल्या प्रवाशाची तक्रार खोटी नाहीं. परंतु गाणारांच्या शरीराचें पाहा. गातांना श्वास थोडक्यांत घेतला जातो व बराच वेळ सोडला जातो, आणि सोडतेवेळीं हृदयाची गति मंद होते. बायकांच्या डब्यांत कोणी मेथी निवडते, कोणी मटार सोलते, कोणाच्या मुलीचें लग्न ठरल्याचे पेढे वांटले जातात. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेट ते बोरिवली खास स्त्रियांची गाडी सुरू झाली. अशा गाड्यांत जुळलेल्या मैत्रिणी नोकरी सुटल्यावरही एकमेकींस सोडीत नाहींत असें आम्हीं पाहिलें आहे. गाडी तीच, गर्दी तीच, पण शेजारीं कोणीतरी "काल कां आली नाहींस ग?" असें विचारणारी असते.

अंधेरीचा एक प्रकार तर जगभर गेला. १३ मार्च १९९५ रोजीं सकाळीं डॉ. मदन कटारिया यांनीं लोखंडवालाच्या एका बागेंत पांच माणसें जमवून हास्याचा क्लब सुरू केला. आधीं विनोद सांगत व हसत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि दुसऱ्याला बोंचणारे उरले. तेव्हां त्यांनीं विनोदावांचूनच, केवळ व्यायाम म्हणून हसावयाचें ठरविलें. बागेंत माणसें हात वर करून उगाच हसत आहेत हें प्रथम पाहिलें तेव्हां आम्हांस तो पोरखेळ वाटला. हसण्यानें मोठे रोग बरे होतात असें कोणी म्हणेल तर आम्ही तें मानणार नाहीं. पण पहांटे उठून, मोकळ्या हवेंत, ओळखीच्या माणसांत अर्धा तास घालविणें आणि लांब लांब श्वास सोडणें ह्याचा गुण येत असला तर त्यांत नवल नाहीं.

श्वासाचें म्हणाल तर १९१८ सालीं अंधेरीजवळ वर्सोव्यास श्री. योगेंद्र यांनीं योग संस्था काढली. ती पुढें सांताक्रूझला गेली व अद्याप चालू आहे. आमच्यांतले कांहीं लोक हें नांव ऐकून दचकतात. श्वास कोणत्याही एका धर्माचा नाहीं, तो सर्वांस सारखाच दिलेला आहे. स्वस्थ बसावें, चार अंक मोजीत नाकानें श्वास घ्यावा, सहा अंक मोजीत सोडावा, आणि असें दहा मिनिटें करावें. पाठीचा कणा, जबडा व खांदे सैल आहेत कीं नाहींत तें मधून मधून पाहावें. दम्याच्या रोग्यानें किंवा घेरी येणारानें जबरदस्ती करूं नये. एका दिवसांत चमत्कार दिसणार नाहीं. महिनाभर नेमानें करून पाहावें.

दारूनें झोंप लागते असें पुष्कळांस वाटतें. ती लागते खरी, पण उत्तररात्रीं मोडते. तंबाखूची गोष्ट तशीच, क्षणभर बरें वाटतें आणि हृदय अधिक धांवतें. संध्याकाळनंतरचा चहा कमी करावा. रोज अर्धा तास भरभर चालावें. ज्या द्रव्यांनीं शरीरास धांवण्यास तयार केलें त्यांस थोडें धांवूं द्यावें. काळजी मनांत घोळवण्यापेक्षां वहींत लिहावी, आणि तींत आपल्या हातांतलें काय व हाताबाहेरचें काय असे दोन भाग करावे. आमच्या त्या गृहस्थाच्या वहींत गाडी, भाडें व साहेब हे तिघे हाताबाहेर गेले. हातांत एकच गोष्ट उरली, ती अशी कीं घरीं शिरण्यापूर्वीं मुलुंडच्या फलाटावर बाकावर दहा मिनिटें बसावयाचें, मोबाइल पिशवींत टाकावयाचा, आणि काम संपलें असें शरीरास कळूं द्यावयाचें. हा उपाय त्यानेंच शोधला. त्याबरोबर रक्तदाबाची गोळीही तो रोज घेतो. गोळी घेणें म्हणजे विश्वास कमी, असें त्याला कोणीतरी सांगितलें होतें; तें आम्हीं ठामपणें खोडून काढलें.

आतां एक अवघड गोष्ट. मुंबईकरावरच्या ताणाचा कांहीं भाग गांवाहून जातो. फोन वाजतो तो पैशासाठीं. बहिणीच्या लग्नाचें कर्ज, छपराचे पत्रे, चुलत्याचें दुखणें, एकामागून एक. गरज खोटी असते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गांवचा नंबर दिसला कीं ज्याच्या छातींत धडधडतें असा मुलगा आम्हांस ठाऊक आहे, आणि असे एकदोनच नाहींत. आठवड्यांतून एक फोन असा करा कीं ज्यांत कांहीं मागावयाचें नाहीं, फक्त म्हैस व्याली कीं नाहीं एवढें सांगावयाचें. पैशाचें बोलणें वेगळ्या दिवशीं, आंकडा व तारीख ठरवून करावें. आणि मुलानें "जमत नाहीं" म्हटलें तर त्याला एकदां तरी विचारा, "तुझें कसें चाललें आहे रे?"

ताण आणि आजार ह्यांत सीमा आहे, तीही ओळखली पाहिजे. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन खिन्न राहिलें, कशांतच गोडी वाटेना, झोंप व भूक गेली, किंवा मरणाचे विचार येऊं लागले, तर हा उपदेशाचा विषय नाहीं, डॉक्टरचा आहे. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं टेलि-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा रात्रीं केव्हांही फुकट बोलतां येतें, मराठींतही बोलतां येतें. पोलिसांच्या भीतीनें पुष्कळ घरें अशा गोष्टी लपवितात. त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य, उलट सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखालीं होता असेंच धरावयाचें आणि त्याच्यावर त्यासाठीं खटला भरावयाचा नाहीं, असें ठरविलें आहे. त्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य सांगितलें आहे.

तो गृहस्थ यंदा मे महिन्यांत गांवीं गेला. आम्हीं त्याच्या आईस आधींच फोन केला होता. तिनें पहिले दोन दिवस कांहीं विचारलें नाहीं, शेजारणींसही विचारूं दिलें नाहीं. तो सकाळीं नऊपर्यंत झोंपे. ती अंगणांत कोंबड्यांस हुसकून लावी, त्याला जाग येऊं नये म्हणून. तिसऱ्या दिवशीं चुलीपाशीं बसून त्यानें आपण होऊन पत्र्यांच्या कर्जाचा विषय काढला, आणि दोघांनीं मिळून कागदावर हप्ते मांडले.